ईसीयू घरी रिसेट करावा का, आणि करण्याआधी काय तपासावे?

सह्यवाट

मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडे २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. यंदाचा पाऊस सुरू झाल्यापासून तिचा चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आहे. दिवा लागला की गाडीचा पिकअप एकदम जातो, अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिनचे फेरे एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत आणि त्याच वेळी एसीचा कॉम्प्रेसरही बंद पडतो. गाडी बाजूला घेऊन इग्निशन बंद केले आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, तर बहुतेक वेळा ती नीट चालू लागते, मात्र दिवा तसाच राहतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हा प्रकार जास्त होतो, असे माझे निरीक्षण आहे.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घेतला, तेव्हा पी ०१०७, पी ०१२२ आणि पी ०५३२ असे तीन कोड निघाले. तीन वेगवेगळे सेन्सर एकाच वेळी जाणे शक्य नाही, म्हणजे ईसीयूच (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) खराब झाला आहे, असे तिथे सांगण्यात आले आणि नव्या ईसीयूचा जो खर्च सांगितला तो ऐकून मी गाडी परत घेऊन आलो. कोड त्यांनी पुसून दिले होते, पण ते पुन्हा आले आहेत.

ईसीयू घरच्या घरी रिसेट करून हा प्रश्न सुटेल का? नाही तर निदान ईसीयू खरोखर गेला आहे की नाही, हे घरी तपासता येईल का? माझ्याकडे चांगला मल्टिमीटर आहे आणि सोल्डरिंगचा सराव आहे. गाडीच्या वायरिंगला मात्र आजवर हात लावलेला नाही.

माळरान

माझ्या जुन्या एमपीएफआय गाडीला, ती २००३ची होती, असा त्रास झाला की मी बॅटरीची निगेटिव्ह तार अर्धा तास काढून ठेवत असे. तार परत लावल्यावर दिवाही जाई आणि आयडलिंगही सुधारत असे. उपाय बिनखर्चाचा आहे, त्यामुळे आधी तो करून पाहावा असे मला वाटते.

तारजोड

सह्यवाट, बॅटरीची तार अद्याप काढली नसेल तर कृपया काढू नका. मी कोल्हापुरात मोटारींच्या वायरिंगचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या 'रिसेट करून' आणलेल्या असतात. कोड आणि त्यासोबतची सगळी नोंद पुसली गेल्यामुळे दोष पुन्हा प्रकट होईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

माळरान यांनी सांगितलेला उपाय त्यांच्या गाडीसाठी योग्य होता. त्या काळच्या बऱ्याच ईसीयूंमध्ये शिकलेली माहिती आणि दोषांचे कोड अशा स्मृतीत राहत, जिला टिकून राहण्यासाठी बॅटरीचा सततचा पुरवठा लागे. पुरवठा तोडला की ती स्मृती रिकामी होई. अलीकडच्या बहुतेक ईसीयूंमध्ये कोड अशा चिपमध्ये लिहिले जातात की बॅटरी रात्रभर काढून ठेवली तरी ते जात नाहीत. उलट काच आपोआप वर जाण्याची सेटिंग, घड्याळ, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीमचा कोड आणि थ्रॉटलची शिकलेली जागा एवढेच जाते. म्हणजे जे पुसायचे ते राहते आणि जे राहायला हवे ते पुसले जाते.

मुळात रिसेट केल्याने कोणताही दोष दुरुस्त होत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. ईसीयू दोन गोष्टी साठवतो. पहिली म्हणजे दोषाचे कोड आणि त्यासोबतची फ्रीज फ्रेम, म्हणजे दोष पकडला गेला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, कूलंटचे तापमान किती होते, गाडीचा वेग किती होता, इंजिनवर भार किती होता याची नोंद. दुसरी म्हणजे इंजिन जसजसे जुने होते तसतसे पेट्रोल किती कमी-जास्त सोडायचे याबद्दल त्याने बसवलेले हिशेब. स्कॅनरने रिसेट केल्यावर या दोन्ही गोष्टी जातात. डॉक्टरकडे जाण्याआधी रुग्णाची फाइल जाळून टाकावी, तसा हा प्रकार आहे. दोष दुरुस्त झाल्यावर कोड पुसणे हे कामाचे शेवटचे पाऊल आहे, पहिले नव्हे.

आता तुमच्या तीन कोडांकडे पाहू. पी ०१०७ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर कमी. पी ०१२२ म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे व्होल्टेज कमी. पी ०५३२ म्हणजे एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे व्होल्टेज कमी. तिन्ही कोडांत दोषाचा प्रकार एकच आहे, हे लक्षात घ्या. आणखी एक गोष्ट तिघांत समान आहे, ती म्हणजे हे तिन्ही सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. अनेक गाड्यांत ही ५ व्होल्टची तार ईसीयूमधून एकच निघते आणि पुढे तिला फाटे फुटतात. त्यातला एक फाटा कुठे बॉडीला टेकला, किंवा त्यावरचा एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर संपूर्ण ५ व्होल्टची लाइन खाली बसते आणि तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम 'कमी व्होल्टेज' सांगू लागतात. थ्रॉटलवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून ईसीयू गाडीला लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद मर्यादित ठेवून कशीबशी चालण्याच्या अवस्थेत, टाकतो आणि एसीच्या गॅसचा दाब कळत नाही म्हणून कॉम्प्रेसर बंद करतो. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे यात बसतात.

तीन सेन्सर एकाच वेळी जात नाहीत, हे गॅरेजने बरोबरच सांगितले. त्यावरून थेट ईसीयूवर जाण्यापूर्वी मधली तार तपासायला हवी होती. शिवाय ही ५ व्होल्टची लाइन शॉर्ट झाली तरी ईसीयूमध्ये तिच्यासाठी प्रवाह मर्यादित ठेवण्याची सोय असते. म्हणून शॉर्ट निघाला की व्होल्टेज परत येते. तुमची गाडी बंद-चालू केल्यावर सुधारते, यावरून ईसीयू शाबूत असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

घरी तपासणीसाठी, गाडीच्या स्वयंनिदान व्यवस्थेला (ओबीडी) फोन जोडणारा एक साधा ओबीडी अ‍ॅडॅप्टर घ्या. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाले, त्यामुळे तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे ओबीडीचे सॉकेट असेलच. ईएलएम३२७ पद्धतीचे स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर बाजारात भरपूर मिळतात. त्यांतले बहुसंख्य मूळ चिपच्या नकला असतात आणि त्यांतले काही सगळे आदेश समजू शकत नाहीत, म्हणून घेताना परत करण्याची मुदत पाहून घ्या. आयफोन असेल तर वायफायचा किंवा लो एनर्जी ब्लूटूथचा अ‍ॅडॅप्टर लागेल, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरशी आयफोनवरची ही अ‍ॅप्स बोलत नाहीत. अ‍ॅप म्हणून टॉर्क किंवा कार स्कॅनर पुरेसे आहे.

अ‍ॅडॅप्टर जोडल्यावर 'क्लिअर' या बटणाला हात न लावता साठवलेले कोड, पेंडिंग (दिसलेले, पण अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीज फ्रेम या तिन्हींचे फोटो काढून ठेवा. मग इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि एमएपी सेन्सरचे लाइव्ह वाचन पाहा. इंजिन फिरत नसताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. तुमच्या पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो, तर समुद्रकाठी सुमारे १०१. इंजिन गरम होऊन आयडलिंगला असताना तो साधारण ३० ते ४०पर्यंत उतरायला हवा. ही वाचने इथे द्या, मग पुढचे सांगतो.

खाडीकाठ

तारजोड यांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. आम्ही रत्नागिरीला खाडीच्या अगदी जवळ राहतो आणि इथल्या खाऱ्या, दमट हवेत गाडीच्या अर्थच्या जोडण्या फार लवकर गंजतात. त्यामुळे ५ व्होल्टच्या मागे लागण्याआधी बॅटरी आणि अर्थ तपासून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज ईसीयू मुद्दाम वर-खाली करतो, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६च्या खाली जात असेल, तर बॅटरीवर आधी संशय घ्यावा.

अर्थ तपासताना ओहममध्ये मोजून फारसे काही कळत नाही. तारेतल्या वीस तंतूंपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवतो, मात्र प्रत्यक्ष प्रवाह वाहू लागला की ती जोडणी दम तोडते. म्हणून हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून इंजिन चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर त्या वाटेवर कुठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे. हीच चाचणी बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टवरही करावी.

उंदरांचाही विचार करावा. पावसाळ्यात बाहेर सगळीकडे पाणी होते आणि बॉनेटखाली ऊब मिळते, म्हणून ते तिथे येतात. कुरतडलेल्या तारेजवळ लेंड्या किंवा इन्सुलेशनचे बारीक तुकडे हमखास सापडतात.

सह्यवाट

दोघांचेही मनापासून आभार. अ‍ॅडॅप्टर आला. बॅटरीची तार काढलेली नाही आणि काहीही पुसलेले नाही.

बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ आणि चालू असताना १४.१ व्होल्ट आहे. खाडीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे दिवे व पंखा लावून मोजले, तेव्हा बॅटरी ते इंजिन ब्लॉक ०.०४ व्होल्ट आणि बॅटरी ते बॉडी ०.०६ व्होल्ट आले. लेंड्या कुठेही दिसल्या नाहीत.

कोड तेच तीन आहेत आणि पेंडिंगमध्ये पी ०६४२ हा आणखी एक आहे. फ्रीज फ्रेममध्ये वेग ताशी ३४ किलोमीटर, फेरे १,८५०, कूलंटचे तापमान ९१ अंश अशी नोंद आहे. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना एमएपी सेन्सर ९५ किलोपास्कल दाखवतो, आयडलिंगला ३४. म्हणजे आत्ता या क्षणी सगळे व्यवस्थित आहे, असे दिसते. दोष लपलेला असताना तो शोधायचा कसा?

तारजोड

तुमचा चौथा कोडच सगळ्यांत बोलका आहे. पी ०६४२ म्हणजे सेन्सरांना दिल्या जाणाऱ्या संदर्भ-व्होल्टेजची लाइन खाली गेली होती. ईसीयूने स्वतःच तुम्हाला कुठे पाहायचे ते सांगितले आहे. गॅरेजने आधीचे कोड पुसताना हा कोडही कदाचित पुसला गेला असेल. बॅटरी आणि अर्थ निर्दोष आहेत, त्यामुळे ती बाजू आता सोडून देऊ.

फ्रीज फ्रेमही पाहा. इंजिन पूर्ण गरम, वेग ३४, फेरे बेताचे. गाडी थंड असताना किंवा जोर लावताना हे झालेले नाही. हलणाऱ्या, घासणाऱ्या तारेकडे बोट दाखवणारी ही परिस्थिती आहे.

आता असे करा. इंजिन थंड असू द्या. इग्निशन बंद ठेवून एमएपी सेन्सरचे सॉकेट काढा. त्यात तीन किंवा चार पिना असतील. इग्निशन चालू करून मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि कोणत्या पिनेवर ५ व्होल्ट येतात ते शोधा. मीटरचे जाडे टोक पिनेत घुसवू नका, कारण मादी पिन एकदा पसरली की आणखी एक सैल जोडणी तयार होते. टाचणी किंवा बारीक शिवणाची सुई बाजूने हलकेच लावा. टेस्ट लॅम्प मात्र वापरू नका, कारण तो बराच प्रवाह ओढतो आणि सेन्सरांच्या लाइनसाठी तो योग्य नाही. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या सॉकेटच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना अजिबात हात लावू नये.

मीटर तसाच जोडून ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी त्याच्या आकड्यावर नजर ठेवायला सांगा. तुम्ही हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलवत, दाबत पुढे सरका. हार्नेस जिथे जिथे धातूच्या कडेवरून वळतो, जिथे क्लिप तुटलेली आहे, जिथे पंख्याचे कवच जवळ आहे, तिथे जास्त वेळ द्या. आकडा ५ वरून खाली कोसळला की तिथेच थांबा आणि एसीच्या प्रेशर सेन्सरचे सॉकेट काढून पाहा. व्होल्टेज परत आले तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. सॉकेट काढूनही व्होल्टेज खालीच राहिले, तर तारेचाच दोष आहे. ही एवढी एक पायरी गाळल्यामुळे कितीतरी लोक नवा सेन्सर विकत घेतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

एसीच्या सेन्सरचे फक्त विजेचे सॉकेट काढायचे आहे. सेन्सर पान्याने खोलायचा नाही, कारण त्यामागे दाबाखालचा गॅस असतो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे पात्यांपासून लांब ठेवा.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. कोड पुसण्याच्या घाईबद्दल इथल्या नियमांची माहिती उपयोगी पडेल. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ओबीडी-२ बंधनकारक आहे आणि कॅलिफोर्नियात २०००च्या व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची स्मॉग (प्रदूषण) तपासणी प्रामुख्याने ओबीडीच्या सॉकेटमधूनच होते. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून दिवा घालवला, तरी गाडी पास होत नाही. कारण कोड पुसताच रेडिनेस मॉनिटर, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वयंचाचण्या, 'अपूर्ण' अवस्थेत जातात आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय निकाल मिळत नाही. पेट्रोल गाडीला फक्त बाष्प-उत्सर्जनाची, म्हणजे ईव्हॅपची, एक चाचणी अपूर्ण असली तर चालते.

जुलै २०१९ पासून त्यात 'परमनंट' कोडांची भर पडली आहे. हे कोड स्कॅनरनेही पुसता येत नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत. दोष खरोखर गेला आहे अशी ईसीयूची स्वतःची खात्री पटली की तोच ते काढून टाकतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये असा विभाग असेल तर तोही पाहून ठेवावा. दुरुस्ती झाल्यानंतर मॉनिटर पूर्ण झाले की नाहीत हे पाहणे भारतातही तितकेच उपयोगी आहे, कारण दिवा गेला म्हणजे चाचण्या झाल्या असे होत नाही.

उन्हाळी

धाग्याचा विषय पेट्रोल गाडीचा आहे, पण माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे आणि डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा शहरात फिरताना वारंवार लागतो. त्यासाठीही घरी रिसेट करणे अयोग्यच म्हणायचे का?

तारजोड

उन्हाळी, डिझेलच्या बाबतीत तर अधिकच अयोग्य. डीपीएफमध्ये काजळी साठते आणि ती जाळण्यासाठी ईसीयू रीजनरेशन करतो. त्यासाठी एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो आणि शहरातल्या थांबत-थांबत जाण्यात तो तापत नाही. दिवा लागला असेल आणि गाडीने अजून ताकद कमी केली नसेल, तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवा आणि काम पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करू नका. कोड पुसला तरी काजळी तिथेच राहते. काजळीचा मोजलेला आकडाच कोणी सर्व्हिस टूलने शून्य केला, तर ईसीयूला फिल्टर रिकामा वाटतो आणि प्रत्यक्षात तो भरलेला असतो. रीजनरेशन पुन्हापुन्हा अर्धवट सुटले, तर जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलेपर्यंत गाडी पळवू नका.

सह्यवाट

दोष सापडला. थोडे सविस्तर लिहितो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

एमएपीच्या सॉकेटवर ५.०१ व्होल्ट मिळत होते. मुलगी मीटर पाहत होती. ईसीयूपासून सुरुवात करून हार्नेस हलवत गेलो, पण थ्रॉटल बॉडीपर्यंत आकडा तसूभरही हलला नाही. रेडिएटरच्या वरच्या पट्टीखालून जो फाटा एसीच्या कंडेन्सरकडे उतरतो, तो हाताने पुढे दाबताच आकडा ०.३ वर आला आणि सोडल्यावर परत ५.०१ झाला. तो दाबलेला ठेवून एसीच्या सेन्सरचे सॉकेट काढले, तरी आकडा ०.३च राहिला. म्हणजे सेन्सर ठीक होता.

टॉर्च लावून पाहिले, तेव्हा हार्नेसवरच्या पन्हळी प्लॅस्टिकच्या नळीला पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेपाशी बोटाच्या पेराएवढी चीर पडलेली दिसली. आत तीन तारा होत्या. त्यांतल्या राखाडी तारेचे इन्सुलेशन एका बाजूने तासल्यासारखे गेले होते, आतले तांबे हिरवट-काळे पडले होते आणि ब्रॅकेटच्या कडेवरचा रंग नेमका तेवढ्याच रुंदीत घासून चकचकीत पत्रा उघडा पडला होता. हार्नेस तिथे ज्या क्लिपमध्ये बसायला हवा, ती क्लिपच नव्हती. मागे एकदा पुढचा बंपर दुरुस्तीसाठी काढला होता, तेव्हा ती तुटली किंवा परत लावायची राहिली असावी.

आता ही तार कशी दुरुस्त करावी? आणि कोड कधी पुसावेत?

तारजोड

उत्तम काम झाले. बॅटरीची निगेटिव्ह तार आता काढा, कारण आता तसे करण्याची खरी गरज आहे. ती काढण्याआधी फोटो घेतलेले आहेतच.

तांबे हिरवे पडले आहे तो तुकडा ठेवू नका. चकचकीत तांबे लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी तार छाटा आणि त्याच जाडीच्या मोटारीच्या तारेचा तुकडा मध्ये जोडा. सोल्डर करा किंवा चांगल्या हत्याराने क्रिंप करा, दोन्ही चालते, मात्र त्यावर आतून डिंक असलेली हीटश्रिंक नळी चढवा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. नुसते पीळ देऊन काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली जोडणी पुढचा पावसाळा काढत नाही, कारण इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो आणि ती सुटते. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि वाकवली तर तिच्या शेजारी तार तुटते, म्हणून जोड वळणावर येऊ देऊ नका. उरलेल्या दोन तारांचे इन्सुलेशनही बोटाने चाचपून पाहा. मग नवी पन्हळी नळी, त्यावर हार्नेसची कापडी टेप आणि शेवटी क्लिप. ब्रॅकेटची कड कानसीने गोल करून तिला रंग लावा, नाही तर तिथे गंज धरेल.

बॅटरी जोडल्यावर आधी एमएपीच्या सॉकेटवर ५ व्होल्ट मोजा आणि हार्नेस पुन्हा जोराने हलवून पाहा. आकडा स्थिर राहिला तर सॉकेट लावा, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून अ‍ॅपमधून कोड पुसा. त्यानंतर काही मिनिटे आयडलिंग वर-खाली होईल. ते साहजिक आहे, कारण थ्रॉटलची जागा ईसीयूला पुन्हा शिकायची असते. शिकवण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ती मॅन्युअलमध्ये दिलेली नसेल, तर इंजिन थंड असताना सुरू करून एसी, दिवे वगैरे बंद ठेवून पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता चालू ठेवणे बहुतेक गाड्यांना पुरते.

एक सूचना इथे सगळ्यांसाठी देतो. वापरलेला ईसीयू कुर्ल्याहून स्वस्तात आणून बसवावा, असा सल्ला कोणी दिला तर तो नीट पारखून घ्या. बहुतेक गाड्यांत इमोबिलायझरमुळे (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेमुळे) चावी आणि ईसीयू एकमेकांशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीचा ईसीयू बसवल्यावर पुन्हा कोडिंग केल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. डिझेल गाडीत तर प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र कोडही ईसीयूमध्ये लिहावा लागतो. ईसीयूचे सॉफ्टवेअर नव्याने भरणे हेही घरचे काम नाही, कारण ते चालू असताना बॅटरीचे व्होल्टेज खाली गेले तर चांगला ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो.

माळरान

तारजोड, दुरुस्तीनंतर इंधनाचे ट्रिम, म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतो ते आकडे, किती असावेत? माझ्या सध्याच्या गाडीत लाँग टर्म ट्रिम अधिक ६ टक्के दिसतो आणि हल्ली पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळते, त्याचा हा परिणाम असावा का?

तारजोड

तसे असू शकते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे ई१०ला सुमारे १४.१ आणि ई२०ला सुमारे १३.५ भाग पुरते. तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते, म्हणून ई१०वर बसलेली गाडी ई२०वर गेली की ट्रिम सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वर सरकतो. अधिक-उणे १०च्या आत असलेल्या ट्रिमची काळजी करू नका. अधिक २० किंवा त्यावर गेला, तर पी ०१७१ (मिश्रणात इंधन कमी) येण्याची वेळ जवळ आली असे समजा. मग ट्रिम आयडलिंगला आणि २,५०० फेऱ्यांवर असा दोनदा पाहा. आयडलिंगला जास्त आणि फेरे वाढवल्यावर कमी होत असेल, तर इनटेकच्या बाजूने चोरून हवा शिरते आहे. फेऱ्यांबरोबर वाढत जात असेल, तर पेट्रोलचा दाब, फिल्टर किंवा पंप पाहावा. बाहेरून सीएनजी किट बसवलेले असेल, तर सीएनजीवरचे वाचन आणि पेट्रोलवरचे वाचन वेगवेगळे नोंदवा, कारण किटचे ट्यूनिंग बिघडले तर त्याची चूक पेट्रोलच्या ट्रिममध्येही उतरते.

सह्यवाट

तार जोडली, कड कानसली, क्लिप लावली. हार्नेस हलवूनही ५.०१ व्होल्ट स्थिर आहेत. कोड पुसल्यावर आयडलिंग थोडा वेळ ९००च्या वर-खाली होत राहिले आणि मग ७५०वर बसले. आज सकाळी खडबडीत रस्त्याने कात्रजचा घाट चढून आलो, पावसाची जोरदार सरही लागली. साठवलेला, पेंडिंग किंवा परमनंट असा एकही कोड नाही. लाँग टर्म ट्रिम अधिक ३ टक्के आहे आणि मॉनिटरांपैकी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व ईव्हॅप हे दोन अजून अपूर्ण आहेत. ते पूर्ण झाले की इथे नोंद करीन. गॅरेजलाही ब्रॅकेटचा आणि तारेचा फोटो दाखवणार आहे, म्हणजे अशा कोडांची पुढची गाडी आली की ते आधी ५ व्होल्ट मोजतील.